सीलँडचा राष्ट्रीय फुटबॉल संघ: खरंच होता का?

खडकीचा स्टॉपर: मंडळी, काल एसएसपीएमएसच्या मैदानावर मॅच बघताना शेजारचा पोरगा म्हणाला, सीलँडलाही राष्ट्रीय संघ आहे. समुद्रातला तो जुना किल्ला, तिथे मैदान कुठून येणार? कुणाला इतिहास माहीत आहे का?

पेठेतला विंगर: मैदान नाहीच, दादा. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटरवर दोन काँक्रीटचे खांब आणि वर लोखंडी डेक, दुसऱ्या महायुद्धातला. रॉय बेट्सने १९६७ मध्ये तिथे स्वतंत्र देश जाहीर केला. मान्यता कुणीच दिली नाही, म्हणजे फिफाचा प्रश्नच मिटला. २००४ मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांशी २-२ बरोबरी झाली, तेव्हा सीलँडच्या नावाने डेन्मार्कचा एक हौशी क्लब उतरला होता.

पण माझा जीव अडकलाय २०१२च्या सामन्यात. इंग्लंडमध्येच, हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या संघाविरुद्ध. सीलँडकडून अभिनेता राल्फ लिटल खेळला, संघ १-३ हरला. समोरचे कोण? त्यातल्या डिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी लष्करी तळ हवा म्हणून ब्रिटनने ज्यांना बेटांवरून हुसकावलं, त्या कुटुंबांतली पोरं. एका बाजूला माणसांविना देश, दुसऱ्या बाजूला देशाविना माणसं. चागोस जिंकले याचा मला मनापासून आनंद आहे.

औंधची आई: चागोसचं हे ठाऊकच नव्हतं. लेक अंडर-१३ खेळते, तिला आज सांगते. असे संघ आता कुठे खेळतात?

पेठेतला विंगर: ताई, फिफाबाहेरच्या संघांसाठी २०१३ पासून कोनिफा ही संघटना आहे. तिथून सुरुवात करा.