‘राबवणे’, ‘लागू करणे’ की ‘अंमलबजावणी’?

वणीकर
एका पाक्षिकासाठी आरोग्य विम्यावरच्या इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. विषय केंद्र-राज्य भांडणाचा. आयुष्मान भारत ही केंद्राची आरोग्य योजना २०१८ मध्ये आली, पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडलं, ओडिशा आणि दिल्ली थेट २०२५ मध्ये आत आले. खर्च ६०:४० वाटून घ्यायचा आणि घरोघरी जाणाऱ्या पत्रावर फोटो मात्र पंतप्रधानांचा, यावरून बंगालमध्ये पेटलेलं.

लेखात ‘इम्प्लिमेंट’ एकवीस वेळा आहे. मी सगळीकडे ‘राबवणे’ घातलं. आमच्या शाळेतल्या जुन्या मास्तरांनी कागद परत केला, समासात शेरा: ‘राबवतात बैलाला. योजनेची अंमलबजावणी होते.’ बरं, तसं करून आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, “अंमल? कायचा, दारूचा?” काय लिहू?

सांबारवडी
मास्तरांचं बरोबर. सालदार राबतो, मालक त्याला राबवतो. योजना राबवायची तर योजनेनं घाम गाळायला पाहिजे. आमच्याकडे योजना दवाखान्यात पंख्याखाली बसून असते आणि राबतो तो झेरॉक्सच्या दुकानात उभा असलेला माणूस.

कुडाळदेशस्थ
आमच्या मालवणीत ‘राव’ म्हणजे थांब. गोव्याकडे तर ‘राबलो’ म्हणजे थांबला. तेव्हा बंगालने योजना ‘राबवली’ असं खुशाल लिहा, कोकणात अचूक कळेल.

सांबारवडी
बंगालचं विदर्भाला काय सांगता. ‘राबणे’ हा मूळ ‘रब’पासून आला असं माझे आजोबा म्हणायचे, देवाचं काम या अर्थी.

कुडाळदेशस्थ
आजोबांबद्दल आदर आहे, पण हे ऐकून कोशकार राजीनामा देतील.

निवृत्त कारकून
शासन निर्णयात तीन शब्द असतात आणि तिघांचं काम वेगळं. ‘मान्यता’ मंत्रिमंडळ देतं. ‘लागू’ तारखेला होतं. ‘राबवणे’ हे आमच्यासारख्यांच्या डोक्यावर पडतं. आपल्या राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत सगळ्यांना पाच लाखांचं संरक्षण, हा निर्णय जून २०२३ चा. लागू झाला १ जुलै २०२४ पासून. मधल्या वर्षभरात लोक पेपरचं कात्रण घेऊन यायचे आणि आम्ही ‘अजून लागू नाही’ म्हणायचो. तेव्हा एकवीस जागी एकच शब्द घालू नका. इंग्रजीला एका शब्दात भागवता येतं, मराठीला गरज नाही.

पैलतीर
‘लागू’वर माझं ऐका. वर्धा नदीच्या अल्याड यवतमाळ जिल्हा, पल्याड चंद्रपूर. योजना सगळ्यांना लागू व्हायच्या आधी पांढऱ्या रेशनकार्डावरचे शेतकरी फुले योजनेत घेतले ते फक्त चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतले. त्यात यवतमाळ होता, चंद्रपूर नव्हता. माझ्या मामाचं वावर आणि घर पल्याड, मावशीचं अल्याड. कपाशी तीच, बोंडअळी तीच, कार्ड पांढरंच. मावशीच्या घरी सातबारा दाखवला की काम व्हायचं, मामाला नाही. मामा पाटाळ्याच्या पुलाकडे हात करून म्हणायचा, “थ्या पुलाच्या तिकडं औषध लागू पडते, इकडं नाई.”

शुद्धलेखनप्रेमी (पुणे)
मामांनी दोन क्रियापदांची गल्लत केली आहे. औषध ‘लागू पडते’, नियम ‘लागू होतो’.

पैलतीर
मामानं गल्लत केली नाही साहेब. मुद्दाम केलं ते.

टेबल नंबर दोन
मी चार वर्षं एका रुग्णालयात आरोग्यमित्र होतो, म्हणजे योजनेच्या टेबलावर बसून रुग्णांचे कागद बघणारा. तिथं यातलं एकही क्रियापद चालायचं नाही. चालायचं ते ‘बसणे’. “हे ऑपरेशन बसते का?” “केशरीत बसते, पांढऱ्यात नाही बसत.” योजनेचं नाव २०१७ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’वरून ‘महात्मा फुले’ झालं तरी लोकांच्या तोंडी ‘जीवनदायी’च. आमच्या फलकावर नवं नाव रंगवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघाले आणि ‘महात्मा’च्या खालून ‘राजी’ एवढंच वर आलं. ‘व’ शेवटपर्यंत आला नाही.

एकदा मारेगावकडची म्हातारी आली. दुखणं यादीतलं नव्हतं. म्हटलं, “आजी, हे योजनेत बसत नाही.” ती पदर सावरून म्हणाली, “बसतो नं बाप्पा, कुठी बसू सांग.” मी बाक दाखवला. दुसरं काय करणार.

शुद्धलेखनप्रेमी (पुणे)
हृद्य आठवण. फक्त आजी म्हणजे ‘बसते’ हवे.

सांबारवडी
वऱ्हाडात बाई पण ‘मी जातो, मी बसतो’ म्हणते. तुमच्या ‘हवे’ला आम्ही काही म्हणतो का?

शुद्धलेखनप्रेमी (पुणे)
बोलीबद्दल आक्षेप नाही. पण गावोगावच्या फलकांवर ‘आयुष्यमान भारत’ लिहिलेले असते त्याचे काय? बुद्धिमान, श्रीमान, तसे आयुष्मान. ‘आयुष्यमान’ हा शब्दच नाही.

टेबल नंबर दोन
‘ष्य’मुळे कोणाचं अडल्याचं मी पाहिलं नाही. अडतं ते आधारवर ‘शांताबाई’ आणि रेशनकार्डावर ‘शांता’ असलं की. त्या ‘बाई’साठी लोक तालुक्याला तीन चकरा मारतात.

निवृत्त कारकून
‘विमा’ शब्दही तपासून घ्या. फुले आणि आयुष्मान एकत्र केल्या तेव्हा दीड लाखापर्यंत विमा कंपनी आणि त्याच्या वरचं सरकार स्वतः, त्याला ‘हमी तत्त्व’ म्हणत. सगळ्याला विमा म्हटलं तर वाद काय होता तेच कळणार नाही. कंपनीला हप्ता द्यायचा की रुग्णालयाला थेट पैसे, भांडण त्याचंही आहे.

पैलतीर
मामाच्या तोंडी ‘इमा’. विहिरीची इहीर तसा विम्याचा इमा. पिकाचा इमा आला नाही, आता अंगाचा इमा आला म्हणतो.

कुडाळदेशस्थ
फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती, त्यावरून बिमा, असं वाचलंय.

सांबारवडी
माझ्या आजोबांना हसणारे हेच का?

वणीकर
मंडळी, कागद उद्या मास्तरांकडे न्यायचाय. कारकूनकाकांचं ऐकून तीन जागी ‘लागू’ केलं. ‘बसणे’ घालायची हिंमत नाही. बंगालच्या वाक्यात ‘योजना नाकारली’ चालेल?

निवृत्त कारकून
नाही. आधी करार केला, मग सोडला. ‘अंग काढून घेतलं’ लिहा.

शुद्धलेखनप्रेमी (पुणे)
‘काढून घेतले’.