जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीपेक्षा जास्त रॅम चालेल का?

प्रश्न:
माझा लॅपटॉप २०११ सालचा असून त्यात इंटेलचा कोअर आय५-२४१०एम प्रोसेसर आहे. रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि दोन्हींत प्रत्येकी २ जीबीची डीडीआर३ रॅम बसवलेली आहे. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत कमाल मर्यादा ८ जीबी छापली आहे, परंतु इंटेलने याच प्रोसेसरसाठी १६ जीबी सांगितले आहे. यांपैकी कोणता आकडा ग्राह्य धरावा? शिवाय सध्याच्या ४ जीबीपैकी विंडोज ७ केवळ २.९ जीबी वापरण्याजोगी दाखवते, त्यामुळे मदरबोर्डमध्येच बिघाड आहे की काय, अशीही शंका येते.

पहिले उत्तर:
मदरबोर्डची काळजी नसावी. आपली विंडोज बहुधा ३२ बिटची आहे. तिला ४ जीबीच्या पलीकडे जाता येत नाही आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव जातो. ६४ बिटची आवृत्ती टाकल्याशिवाय रॅम वाढवून उपयोग नाही. त्यातही होम बेसिक आवृत्ती ८ जीबीवर आणि होम प्रीमियम १६ जीबीवर थांबते, हे ध्यानात ठेवावे.

आता मर्यादेविषयी. कोअर २ ड्युओच्या काळापर्यंत रॅमचे नियंत्रण मदरबोर्डवरील चिपसेटकडे असे; कोअर आय मालिकेत ते प्रोसेसरकडे आले. त्यामुळे आपल्या बाबतीत इंटेलचा आकडा अधिक विश्वासार्ह आहे. लॅपटॉप बाजारात येतो त्या वेळी ज्या क्षमतेची रॅम सहज मिळते आणि जिच्यावर उत्पादकाने चाचणी घेतलेली असते, तिच्या आधारे पुस्तिकेतील मर्यादा ठरते, आणि पुढे ती कोणी सुधारत नाही. ॲपलने २०१२ च्या रॅम बदलता येणाऱ्या मॅकबुक प्रोसाठी ८ जीबी ही मर्यादा सांगितली होती, तरी १३ इंची यंत्रांतही १६ जीबी व्यवस्थित चालते. मात्र बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) आडवे येऊ शकते, म्हणून आधी त्याची शेवटची आवृत्ती टाकून घ्यावी.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु एकूण क्षमतेइतकीच प्रत्येक चिपची क्षमताही महत्त्वाची असते, हे मी पैसे घालवून शिकलो. माझ्या पहिल्या पिढीच्या आय५ लॅपटॉपची मर्यादा ८ जीबी होती आणि एक स्लॉट निकामी झाला होता, म्हणून उरलेल्या स्लॉटमध्ये मी ८ जीबीची एकच रॅम बसवली. पंखा फिरू लागला, दिवाही लागला, पण स्क्रीन काळीच राहिली. त्या रॅमवरील प्रत्येक चिप ४ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) होती आणि तो प्रोसेसर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखत होता. ४ जीबीची रॅम लावताच लॅपटॉप सुरू झाला.

आपला प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा असल्याने ४ गिगाबिटच्या चिप त्याला चालतात. ८ जीबीची रॅम घेताना तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे एकूण सोळा चिप आहेत ना, हे मोजून पाहावे; आठच चिप असलेली रॅम नंतरच्या प्रोसेसरांसाठी असते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. विंडोज ३२ बिटचीच निघाली. सध्या ८ जीबीची एकच रॅम घेऊन जुन्या २ जीबीसोबत लावली तर चालेल का? तसेच जुन्या रॅमवर पीसी३ लिहिले आहे, नवी मात्र पीसी३एल मिळते.

तिसरे उत्तर:
दोन्ही चालेल. पीसी३एल रॅम १.३५ व्होल्टची असली तरी ती सहसा १.५ व्होल्टवरही काम करते. अडचण उलट दिशेने येते, म्हणजे केवळ १.३५ व्होल्ट देणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये जुनी रॅम चालत नाही. ८ आणि २ जीबी एकत्र लावल्यास पहिले ४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्लॉट एकाच वेळी वापरून, अधिक वेगाने) आणि उरलेले ६ जीबी सिंगल चॅनलमध्ये चालतील. अंगभूत ग्राफिक्सला थोडा फटका बसेल, परंतु एकूण जागा अडीचपट होईल, त्यामुळे हा व्यवहार मला योग्य वाटतो. रॅम बदलताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढावीत, आणि विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालवावे. त्यात एकही चूक दिसली तर ती रॅम परत करावी.