मागच्या दिव्यांचा फ्यूज लावताक्षणी उडतो, मदत हवी आहे

चोपडेकर: दोन फ्यूज गेले, आता एकच उरला आहे. उद्या लग्नासाठी शिरपूरला जायचे असून परतताना रात्र होणार आहे, आणि केळीच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या त्या रस्त्यावर मागचे दिवे नसलेली गाडी चालवण्याची माझी हिंमत नाही. कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ: फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि तो नेमका केव्हा उडतो, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चोपडेकर: लाल, १० चा आहे. पार्किंगची कळ फिरवताच उडतो. ब्रेकचे दिवे आणि हेडलाइट व्यवस्थित लागतात.

रावेरचा बागायतदार: माझ्या पिकअपला मी हिरवा ३० चा लावला आणि दोन वर्षे निर्धास्त फिरतो आहे. तुम्हीही तोच लावा, लग्न चुकवू नका.

तापीकाठ: हा सल्ला कृपा करून कोणीही मानू नये. फ्यूज वायरीच्या जाडीनुसार ठरलेला असतो. १० च्या जागी ३० लावला, तर फ्यूज उडण्याआधी वायर तापते, तिचे आवरण वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते.

धुळेकर: बॅटरीचे पाणी पाहिले का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर आटते.

तापीकाठ: पाणी आटल्याने हा फ्यूज उडणार नाही. चोपडेकर, गाडीत नवे काही बसवले आहे का?

चोपडेकर: गेल्या महिन्यात मागचा कॅमेरा बसवला, परंतु तो उत्तम चालतो, म्हणून लिहिले नव्हते.

तापीकाठ: तेच आधी लिहायला हवे होते. पार्किंगचे पुढचे-मागचे आणि नंबरप्लेटचे बल्ब काढून ठेवा, फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा आणि कळ फिरवा. तो लख्ख पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग डिकी हळूहळू वर-खाली करत बिजागरीजवळच्या वायरी हलवून पाहा. बल्ब जिथे विझेल तिथेच दोष आहे. उरलेला फ्यूज तोवर लावू नका.

चोपडेकर: डिकी अर्धी उघडताच बल्ब विझला! कॅमेऱ्याची वायर ओढून घेताना रबरी नळी जागची सरकली होती, आणि तिच्या तोंडाशी नंबरप्लेटच्या वायरीचे आवरण सोलले जाऊन उघडे तांबे पत्र्याला टेकत होते. वायरमनकडून जोड करून घेतला, नळी बसवली, तिसरा फ्यूज टिकला आहे. मनापासून आभार.

रावेरचा बागायतदार: माझ्या गाडीचा मूळ फ्यूज कितीचा होता, हे कसे कळेल?

तापीकाठ: फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो. आजच पाहा, दादा, आणि ३० चा काढल्यावर तिथली वायर कडक किंवा काळी पडली आहे का, तेही बोटाने तपासा.