जनादेश की कौल? परराष्ट्र धोरणाच्या संदर्भात

दीपमाळ: स्पेनच्या २००४ च्या निवडणुकीवरील लेखाच्या अनुवादात मी ‘इराकमधून सैन्य माघारी बोलावण्याचा जनादेश नव्या सरकारला मिळाला होता’ असे लिहिले. संपादकांनी दोन्ही शब्द एकच, असे सांगून ‘जनादेश’च्या जागी ‘कौल’ घातला. मला ते मान्य नाही, कारण आदेश पाळावा लागतो, तर कौल केवळ कल दाखवतो. सापातेरो यांनी प्रचारातच सैन्यमाघारीचे वचन दिले होते आणि १७ एप्रिलला पंतप्रधानपदाची शपथ घेऊन दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघारीची घोषणा केली.

टाचण: संपादकांचेच बरोबर आहे. १४ मार्चच्या मतदानाआधी तीनच दिवस माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले होते. त्यांचा ठपका तेव्हाच्या सरकारने बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटना ‘एता’वर घाईने ठेवला, आणि त्याचा रागही मतपेटीत उतरला. एका मतामागे इतकी कारणे असताना, मतदारांनी नेमका हाच आदेश दिला असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

निर्मळ: ‘कौल’ अरबी आहे. संस्कृत धातूवरून बनलेला अर्थवाही शब्द हाताशी असताना तो टाकून देणे योग्य नाही.

टाचण: शिवकाळातील कागदपत्रांत कौलनामे सापडतात, तेव्हा त्या शब्दाला परका म्हणणे अन्यायाचे आहे. राज्यकर्त्याने रयतेला दिलेले अभयवचन म्हणजे कौल. आज रयतच राज्यकर्त्याला कौल देते, हा अर्थविस्तार मला फार मोलाचा वाटतो.

आडवाट: मला दोन्ही शब्द हवेत, फक्त जागा पाहून. पश्चिम जर्मनीत १९७२ साली चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रांट यांचे बहुमत त्यांच्या पूर्वेकडील साम्यवादी देशांशी समेटाच्या धोरणामुळेच डळमळले आणि मुदतीआधी निवडणूक घ्यावी लागली. पूर्व जर्मनीशी करावयाच्या कराराच्या मसुद्यावर ८ नोव्हेंबरला आद्याक्षरे झाली, मतदान १९ तारखेला झाले, त्यांचा पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला आणि २१ डिसेंबरला करारावर सही झाली. मतदारांपुढे मसुदाच होता, म्हणून तो जनादेश. याउलट आपल्याकडे १९७७ मध्ये मते पडली ती आणीबाणीवर. जनता सरकारने ‘खऱ्या अलिप्ततेची’ भाषा केली, तरी १९७१ चा सोव्हिएत संघाशी झालेला मैत्री करार कायम राहिला. तिथे परराष्ट्र धोरणापुरता ना आदेश होता, ना कौल.

निर्मळ: ‘खरी’ या विशेषणातच आधीचे धोरण एका बाजूला झुकले होते, हा आरोप आहे. विशेषण बदलले म्हणजे धोरण बदलले असे होत नाही.

दीपमाळ: संपादकांना काय कळवावे, हे अजून ठरलेले नाही.

आडवाट: निर्मळ, बदल केवळ विशेषणाचा होता, तर परराष्ट्रमंत्री वाजपेयी यांच्या फेब्रुवारी १९७९ च्या चीनभेटीला तुम्ही काय म्हणाल? १९६२ च्या युद्धानंतर इतक्या वरच्या पातळीवरची भेट झालीच नव्हती.