सोसायटी ग्रुप, मनीषनगर: वानखेडे काकांच्या कॉम्प्युटरचा पिन

[९:१२] वानखेडे (२०३, खजिनदार): नमस्कार मंडळी. सकाळपासून घरचा कॉम्प्युटर पिन घेऊन नाही राहिला. काल संध्याकाळपर्यंत तोच पिन चालत होता. मार्चअखेरचा जमाखर्च त्यातच आहे आणि उद्या सीएंना द्यायचा आहे. कोणाला यातलं कळत असेल तर कृपया लवकर सांगा.

[९:१४] भोयर भाऊ (१०२): काका कॅप्स लॉक पाहा

[९:१५] वानखेडे (२०३, खजिनदार): आकड्यांचा पिन आहे भाऊ. कॅप्स लॉकचा काय संबंध?

[९:१५] भोयर भाऊ (१०२): मग नम लॉक पाहा. बाजूच्या आकड्यांवरून टाकत असाल आणि तो बंद असला तर काहीच उमटत नाही

[९:१८] वानखेडे (२०३, खजिनदार): वरच्या ओळीतूनही टाकून पाहिलं. तेच.

[९:२१] देशमुख (४०१): गेल्या वर्षीच्या रंगकामाच्या बिलाचा तपशील अद्याप ग्रुपवर आलेला नाही. रविवारच्या मीटिंगआधी यावा ही नम्र विनंती.

[९:२३] गावंडे काकू (३०१): काल रात्री लाईट किती वेळा गेली आली. त्यानेच काही झालं असेल बाप्पा. आमच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर रात्रभर टकटक करून राहिला होता.

[९:२४] भोयर भाऊ (१०२): फॉरमॅट मारा काका. बर्डीला माझा माणूस आहे, दुपारपर्यंत करून देते. नवीनसारखा होईल

[९:२४] वानखेडे काकू: फॉरमॅट नको हो!! पमीच्या लग्नाचे सगळे फोटो त्याच्यातच आहेत

[९:३१] स्नेहल मेश्राम (३०४): काका, फॉरमॅट अजिबात करू नका आणि मशीन कोणाकडे पाठवूही नका. पडद्यावर इंग्रजीत नेमकं काय येतंय ते शब्दन्शब्द इथे लिहा. "पिन चुकला" हे एक दुखणं आहे आणि "पिन मिळत नाही" हे दुसरं. औषधही वेगवेगळं.

[९:३६] वानखेडे (२०३, खजिनदार): लिहितो. "समथिंग हॅपन्ड अँड युवर पिन इजन्ट अव्हेलेबल. क्लिक टू सेट अप युवर पिन अगेन." क्लिक केलं की गोल गोल फिरतं आणि परत तिथेच.

[९:३८] रोहित रामटेके (२०२): स्नेहल ताई, आमच्याकडे एकदा ए१बी२सी३ टाइप करायला लावलं होतं. तेच का?

[९:४०] स्नेहल मेश्राम (३०४): नाही रे. पिन लागोपाठ चुकला की ते येतं, माणूसच टाइप करतोय ना हे पाहायला. काकांचा पिन बरोबर आहे, तो तपासायची जागाच मशीनला सापडत नाहीये.

[९:४१] देशमुख (४०१): मीटिंगच्या तोंडावरच हिशोबाचा कॉम्प्युटर बंद पडला. असो. रंगकामाचा तपशील यावा ही विनंती पुन्हा करतो.

[९:४४] वानखेडे (२०३, खजिनदार): देशमुख साहेब, "असो" म्हणजे काय? स्पष्ट बोला. इतकी वर्षं सोसायटीचा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर, घरच्या विजेवर, फुकटात करून राहिलो. ज्याला शंका असेल त्याने २०३ मध्ये येऊन पडदा स्वतः पाहावा.

[९:४५] देशमुख (४०१): मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

[९:४६] गावंडे काकू (३०१): नाव घेत नाही तं मग मीच घेते. देशमुख साहेब, तुमच्या कूलरचं पाणी आमच्या बाल्कनीत पडून राहिलं. आज तिसऱ्यांदा चादर परत धुवायला टाकली.

[९:४७] बोरकर सर (१०५, सचिव): सर्वांना नम्र विनंती. ज्येष्ठांचा मान ठेवून बोलावे. कूलरचा विषय रविवारी घेऊ.

[९:४८] गावंडे काकू (३०१): रविवारपर्यंत चादर कुठे वाळवू सर?

[९:५०] भोयर भाऊ (१०२): नेटवर कस्टमर केअरचा नंबर सापडला. काका लगेच लावा, ते लोक घरबसल्या करून देतात

[९:५०] भोयर भाऊ (१०२): हा मेसेज डिलीट केला गेला

[९:५१] स्नेहल मेश्राम (३०४): भोयर भाऊ, लगेच काढलात, फार बरं केलं. सगळ्यांनी नीट वाचा, कारण लोकांचे पैसे असेच जातात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नेटवर शोधून सापडलेला नंबर लावला की समोरचा आधी पडदा शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेचं पान उघडायला सांगतो. ओटीपी, पिन, पडदा, यातलं काहीच कोणाला द्यायचं नाही. कोणाचं असं झालंच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त.

[९:५२] भोयर भाऊ (१०२): बापरे. मी तं चांगल्यासाठीच टाकला होता ना

[९:५३] स्नेहल मेश्राम (३०४): माहीत आहे भाऊ. म्हणूनच सगळ्यांसाठी लिहिलं.

[९:५५] स्नेहल मेश्राम (३०४): काका, दोन प्रश्न. एक, लॉक स्क्रीनवर तारीख आणि वेळ काय दिसतेय? दोन, पिन विचारायच्या आधी निळा पडदा येऊन ४८ आकडी किल्ली मागितली होती का?

[१०:०१] वानखेडे (२०३, खजिनदार): निळा पडदा नाही. तारीख मात्र १ जानेवारी २०२१ दाखवून राहिलं! हे आत्ता लक्षात आलं.

[१०:०४] स्नेहल मेश्राम (३०४): सापडलं असं वाटतंय. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. लाईट गेली की तारीख आणि बोर्डाची सेटिंग्ज तो जपतो. तो संपला असेल आणि काल रात्री लाईट जाऊन येत होती, म्हणजे सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेली. काही बोर्डांवर त्यात टीपीएमही, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप, बंद होतो. तुमच्या पिनचं कुलूप त्या टीपीएममध्येच असतं. पिन इंटरनेटवर कुठे नसतो काका, तो फक्त त्या एका मशीनचा असतो. म्हणून टीपीएम दिसेना झाला की पिन अव्हेलेबल नाही. आणि तारीख २०२१ ची, म्हणून मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर सुरक्षित जोडणी करू देत नाही आणि ते गोल फिरत राहतं.

[१०:०५] भोयर भाऊ (१०२): म्हणजे सगळा खेळ त्या बटणाएवढ्या सेलचा

[१०:०६] देशमुख (४०१): तांत्रिक माहितीबद्दल आभार. रंगकामाच्या बिलाचा तपशील?

[१०:०७] वानखेडे काकू: देशमुख भाऊजी, तपशील त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे हो

[१०:०८] स्नेहल मेश्राम (३०४): रोहित, घरी आहेस? मी ऑफिसमधे आहे. काकांकडे जा. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जचं पान, उघडेल. तारीख-वेळ नीट कर. मग टीपीएमचं बटण शोध, इंटेल असेल तर त्याचं नाव पीटीटी, एएमडी असेल तर एफटीपीएम, आणि सुरू कर. "क्लिअर टीपीएम" दिसलं तर त्याला हात लावू नको, त्याने आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. सेव्ह करून बाहेर ये. सेल बदलेपर्यंत मेन स्विच बंद करू नका, नाहीतर परत तेच होईल.

[१०:०९] रोहित रामटेके (२०२): निघालोच. ताई, ती एनजीसी फोल्डर उडवायची आयडिया पण आहे, व्हिडिओत पाहिली

[१०:१०] स्नेहल मेश्राम (३०४): ती शेवटची. तिथे पिनची सगळी नोंद असते, उडवली तर नव्यानेच पिन लावावा लागतो. आधी साधं करू.

[१०:२६] रोहित रामटेके (२०२): पीटीटी बंदच होतं ताई!! सुरू केलं. तारीख पण टाकली. पण पिन अजून तेच म्हणतोय

[१०:२८] स्नेहल मेश्राम (३०४): हरकत नाही. पिनच्या खाली "साइन-इन ऑप्शन्स" आहे, त्यात किल्लीचं चित्र. ते निवडून मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड टाका. पिन नाही, पासवर्ड. ज्या ईमेलने विंडोज सुरू केलं होतं त्याचा.

[१०:२९] वानखेडे (२०३, खजिनदार): तो तर पमीनेच बनवला होता. ती कॅनडात. तिथे आता मध्यरात्र आहे.

[१०:३३] वानखेडे काकू: सापडला! गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पमीने लिहून ठेवला होता

[१०:३३] स्नेहल मेश्राम (३०४): काकू, फोटो टाकू नका हं! इथे कोणी मागितला तरी नाही.

[१०:३९] रोहित रामटेके (२०२): पासवर्ड चूक म्हणतोय. काकांनी एकेक अक्षर बोट ठेवून सांगितलं, मी टाकलं

[१०:४०] स्नेहल मेश्राम (३०४): खाली उजव्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे?

[१०:४१] रोहित रामटेके (२०२): मराठी

[१०:४२] स्नेहल मेश्राम (३०४): तेच. काका सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करतात, कीबोर्ड तसाच राहिला. विंडोजचं बटण धरून स्पेस दाब, इंग्रजी येईल. मग पासवर्डच्या खोक्यातल्या डोळ्यावर बोट ठेव, टाकलेलं दिसतं. पहिलं अक्षर मोठं आहे का तेही बघ.

[१०:४५] रोहित रामटेके (२०२): उघडला!!!!

[१०:४५] वानखेडे काकू: देव पावला. रोहित जेवूनच जाशील

[१०:४६] भोयर भाऊ (१०२): काकू आम्ही पण येऊ का, कॅप्स लॉक मीच सांगितलं होतं 😄

[१०:४७] बोरकर सर (१०५, सचिव): अभिनंदन. स्नेहलचे व रोहितचे सोसायटीतर्फे आभार.

[१०:४८] देशमुख (४०१): अभिनंदन. आता रंगकामाचा तपशील टाकता येईल.

[१०:५५] स्नेहल मेश्राम (३०४): काका, आधी हिशोबाची फाईल पेनड्राइव्हवर घ्या. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, पिन. तिथे "रिमूव्ह" करून नवा पिन लावा. रिमूव्ह दाबता येत नसेल तर त्याच पानावर "फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, चेहरा, बोट) साइन-इन" अशा अर्थाचं एक बटण आहे, ते बंद करा, मग येईल. पडताळणीचा कोड पमीताईच्या फोनवर जाईल.

[१०:५६] वानखेडे (२०३, खजिनदार): तिला उठवायचं?

[१०:५८] स्नेहल मेश्राम (३०४): नको. ती उठेपर्यंत पासवर्डने चालवा. पण ती जागी झाली की अकाउंटमध्ये तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या, आणि काकूंचा पण. हे मी अगदी मनापासून सांगते. जुना नंबर हाताशी नसताना सगळी माहिती बदलायला गेलात तर ३० दिवस थांबावं लागतं. तेव्हा सीए थांबत नाहीत. आपल्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरांत कॉम्प्युटर मुलांनी सुरू करून दिला आहे आणि मुलं पुण्या-बंगलोरला. पिन पाठ आहे, पण पिनच्या मागचा पासवर्ड, ईमेल, नंबर आईवडिलांकडे नाही. मशीन तुमचं, मग किल्लीही तुमच्याकडे हवी.

[११:०१] गावंडे काकू (३०१): अगदी बरोबर बोलली. आमच्या लॅपटॉपवर तो निळा पडदा येतो म्हणे, ४८ आकडेवाला. तो काय?

[११:०४] स्नेहल मेश्राम (३०४): काकू, तो बिटलॉकर. डिस्कला कुलूप असलं की कधी कधी बायोस बदलल्यावर तो ४८ आकडी किल्ली मागतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू करतानाच ते कुलूप आपोआप लागतं आणि किल्ली त्याच अकाउंटवर जमा होते. आजच दुसऱ्या फोनवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन ती पाहा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. किल्ली नसेल तर फोटो, फाइली, काहीच परत मिळत नाही.

[११:०६] बोरकर सर (१०५, सचिव): माझ्याकडे विंडोज १० आहे. पिन व्यवस्थित चालतो. काही करावे लागेल का?

[११:०८] स्नेहल मेश्राम (३०४): सर, पिन चालत राहील. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचं काम त्यावर करत असाल तर ११ चालतं का ते तपासून घेऊ. संध्याकाळी येते.

[११:३२] वानखेडे (२०३, खजिनदार): सेल आणायला रोहित गेला आहे. दरम्यान रंगकामाचा खर्च टाकतो. मजुरी, रंग, परांची असे तीन भाग आहेत. बिलाच्या आकड्यात आणि चेकच्या आकड्यात जो फरक दिसतो तो परांचीच्या अनामतीचा, ती ठेकेदाराने नंतर परत केली. पावती फाईलमध्ये आहे.

[११:३५] देशमुख (४०१): धन्यवाद. अनामत कोणत्या तारखेला खात्यात जमा झाली?

[११:३६] वानखेडे (२०३, खजिनदार): बँक पासबुक घेऊन बसतो, सांगतो.

[११:३७] देशमुख (४०१): पावतीची झेरॉक्सही ग्रुपवर टाकावी.

[११:४१] गावंडे काकू (३०१): आणि कूलरखाली ट्रे ठेवावा.