प्रीपेड रिचार्जमधील कपात, दुकानातील जादा आकार आणि न मागितलेली सेवा: नियम नेमके काय सांगतात?

प्रश्न : घाटंजीकर (जिल्हा यवतमाळ)

मंडळी, नमस्कार. माझी आई गावी राहते आणि तिच्याजवळ बटनांचा साधा मोबाइल आहे. मी कामानिमित्त नागपूरला असलो तरी तिचे रिचार्ज बहुतेक वेळा गावातल्या पानठेल्यावरच होते, कारण कोणाकडे हात पसरण्यापेक्षा स्वतःच्या वेचणीच्या मजुरीतून आपला फोन आपण चालू ठेवावा, असा तिचा आग्रह असतो. मागच्या खेपेस तिने वीस रुपयांचा टॉपअप मागितला. ठेलेवाल्याने पंचवीस रुपये घेतले, आणि खात्यात प्रत्यक्षात चौदा रुपये पंचाण्णव पैसे जमा झाले. एवढे करूनही फोन लागला नाही, कारण मूळ पॅकची मुदत आधीच संपलेली होती आणि ही गोष्ट पैसे घेताना तिला कोणीही सांगितली नव्हती. नंतर पॅक भरून दिला, तर काही दिवसांनी त्याच शिलकीतून कुठल्याशा भक्तिगीतांच्या सेवेपोटी पैसे कापल्याचा इंग्रजी संदेश आला. तिने अशी सेवा मागितलेली नाही, आणि मागण्याची रीतही तिला ठाऊक नाही.

यांपैकी कोणती कपात कायदेशीर आहे, कोणती नाही, आणि यवतमाळच्या चकरा न मारता दाद कोठे मागता येते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : ग्राहक पंचायतीचा कार्यकर्ता, आर्वी

घाटंजीकर, आपल्या आईचे पैसे वेगवेगळ्या हातांनी कापले आहेत आणि प्रत्येक हाताला लागू होणारा नियम निराळा आहे. हे सगळे एकाच तक्रारीत कोंबले की कंपनी दुकानदाराकडे बोट दाखवते, दुकानदार कंपनीकडे दाखवतो, आणि तक्रार तिथेच विरते. म्हणून आधी हिशेब मांडतो.

वीस रुपयांच्या टॉपअपमध्ये १८ टक्के जीएसटी अंतर्भूत असतो. वीसला १.१८ ने भागले की १६ रुपये ९५ पैसे उरतात, म्हणजे ३ रुपये ५ पैसे सरकारी कराचे झाले. त्यानंतर कंपनी प्रक्रिया शुल्क घेते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्यावर मर्यादा घातली आहे : टॉपअपच्या किमतीच्या १० टक्के किंवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. वीसचे १० टक्के दोन रुपये, ते वजा केले की बरोबर १४ रुपये ९५ पैसे शिल्लक राहतात. म्हणजे ही कपात नियमातच बसते.

पण याच गणिताची एक बाजू मला खटकते. दहा रुपयांच्या टॉपअपवर ७ रुपये ४७ पैसे मिळतात, पन्नासवर ३९ रुपये ३७ पैसे आणि शंभरावर ८१ रुपये ७५ पैसे. जी बाई दहा-दहाचे पाच टॉपअप घेईल तिच्या पदरात ३७ रुपये ३५ पैसे पडतील. एकदम पन्नासचा घेणाऱ्याला तिच्यापेक्षा दोन रुपये जास्त. तीन रुपयांची कमाल मर्यादा तीस रुपयांच्या पुढेच उपयोगी पडू लागते, त्यामुळे हातात रोजची मजुरी असणाऱ्या माणसाला तिचा लाभ जवळजवळ होतच नाही. नियम मोडलेला नसूनही भार गरिबावर अधिक पडतो, याचे हे साधे उदाहरण आहे, आणि आमच्या बैठकांमध्ये मी ते फळ्यावर लिहून दाखवत असतो.

आता माहिती देण्याच्या बंधनाकडे वळू. दूरसंचार ग्राहक संरक्षण विनियम, २०१२ नुसार टॉपअप झाल्यावर एकूण आकारलेली रक्कम, प्रक्रिया शुल्क, कर आणि निव्वळ जमा रक्कम एसएमएसने कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्या आईच्या फोनमध्ये तो संदेश असेल तर तो पुसू देऊ नका. त्याच विनियमांनी व्हाउचरचे प्रकार वेगळे केले : दरयोजना घेण्याचे प्लॅन व्हाउचर, केवळ पैसे जमा करणारा टॉपअप, आणि ठरावीक मुदतीपुरती सवलत देणारे विशेष दराचे व्हाउचर. कागदी कार्डांवर अनुक्रमे लाल, हिरवा आणि पिवळा पट्टा असे, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही हिरव्या पट्ट्यावरून आपण काय घेतो आहोत ते कळत असे. रिचार्ज दुकानदाराच्या मोबाइलवरून होऊ लागल्यावर कार्डेच दिसेनाशी झाली, आणि डिसेंबर २०२४ मधील बाराव्या दुरुस्तीने रंगांची अटही काढून टाकली. कारण व्यवहार्य असेल. पण त्या पट्ट्याच्या जागी बटनफोन वापरणाऱ्यासाठी दुसरे काहीही आलेले नाही, असे माझे मत आहे. टॉपअपने शिल्लक वाढते, मुदत वाढत नाही. पैसे जमा असूनही फोन न लागण्याचे कारण हेच आहे.

उत्तर २ : मोबाइल दुकानदार, चिमूर तालुका

वरचा हिशेब बरोबर आहे. तथापि ठेलेवाल्याच्या पाच रुपयांविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांत दुकानदाराची बाजू सहसा कोणी मांडत नाही.

रिचार्जवर मिळणारे कमिशन अत्यंत तुटपुंजे असते. वितरकाकडे पैसे आधी भरावे लागतात, मग आमच्या खात्यात शिल्लक येते आणि त्यातून आम्ही ग्राहकाचे रिचार्ज करतो. गावात उधारीही सांभाळावी लागते, आणि कपाशीचे पैसे हाती येईपर्यंत ती वसूल होत नाही. नेटवर्क गेले आणि रक्कम मध्येच अडकली तर ग्राहक कंपनीला नव्हे, आम्हाला जाब विचारतो. म्हणून बरेच जण छोट्या रिचार्जवर वरचे पैसे घेतात. मी स्वतः घेत नाही, कारण माझे मुख्य उत्पन्न मोबाइल दुरुस्तीचे आहे. परंतु केवळ पानठेला चालवणाऱ्याला ते परवडत नाही, हेही खरे आहे.

मुदत संपलेली असताना टॉपअप विकणे मात्र मलाही पटत नाही. नंबर टाकल्यावर पॅक चालू आहे की नाही हे आमच्या ॲपवर दर वेळी दिसतेच असे नाही, पण "बाई, पॅक कधी भरला होता?" एवढे विचारायला काही लागत नाही.

उत्तर ३ : वकील, अमरावती

चिमूरच्या दुकानदार भाऊंची अडचण समजण्यासारखी आहे. मात्र अडचण असणे आणि अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(६) नुसार, कायद्याने ठरवलेल्या, वस्तूवर किंवा दरपत्रकावर दर्शवलेल्या, अथवा उभयतांनी मान्य केलेल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम व्यापाऱ्याने किंवा सेवा पुरवणाऱ्याने घेतल्यास ती तक्रारीची बाब ठरते. ठेलेवाला असा युक्तिवाद करू शकेल की छापील कार्डच नसल्यामुळे किंमत दर्शवलेली नव्हती, आणि पंचवीस रुपये तर बाईंनी स्वतःहून दिले. माझ्या मते "वीसचा टॉपअप द्या" या मागणीतच किंमत ठरलेली आहे, आणि वरच्या पाच रुपयांबाबत आधी काही सांगितले गेले नसेल तर त्याला संमती म्हणता येणार नाही. शिवाय विक्रीनंतर पावती न देणे ही याच कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेच पाच रुपये दुकानात ठळक पाटी लावून, आधी सांगून आणि पावती देऊन घेतले असते तर ठेलेवाल्याची बाजू बरीच भक्कम झाली असती.

आपण नागपूरहून पेमेंट ॲपने आईचे रिचार्ज करत असाल तर तिथेही एक-दोन रुपयांचे "प्लॅटफॉर्म शुल्क" लागते. दहा टक्के किंवा तीन रुपये ही मर्यादा दूरसंचार कंपनीच्या टॉपअपवरील प्रक्रिया शुल्काला आहे; ॲपचे शुल्क तिच्या कक्षेत येत नाही. परंतु सुरुवातीला एक किंमत दाखवायची आणि शेवटच्या पायरीवर ती वाढवायची, या क्लृप्तीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्रतिबंध केला आहे. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर असे शुल्क आहे का, ते आधी पाहून घ्यावे.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते का, याविषयी बरीच वर्षे संभ्रम होता, कारण २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या तार अधिनियमातील लवादाची वाट दाखवली होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने खासगी मोबाइल कंपनीच्या एका प्रकरणात, ग्राहक आयोगांना अधिकारक्षेत्र आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगात, म्हणजे आपल्या बाबतीत यवतमाळला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. अर्थात पाच रुपयांसाठी आयोगात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र अशाच गोष्टींसाठी आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

घाटंजीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ठेलेवाला आमच्या ओळखीतला आहे, त्याच्याशी मीच बोलेन; त्याच्यावर तक्रार करण्याची इच्छा नाही. भक्तिगीतांच्या सेवेचे काय करावे, हे राहिले आहे. दुसरे असे की, गावात सगळे म्हणतात, खात्यात वीस रुपये ठेवले की नव्वद दिवस सिम चालू राहते आणि पॅक भरण्याची गरज नाही. हे खरे आहे काय?

उत्तर ४ : दूरसंचार खात्यातून निवृत्त, भंडारा

वीस रुपयांची गोष्ट अर्धी खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे अनेकांची फसगत होते. वर आलेल्या २०१२ च्या विनियमांच्या २०१३ मधील दुरुस्तीनुसार, सलग नव्वद दिवस काहीही वापर झाला नाही म्हणून प्रीपेड जोडणी बंद करायची झाल्यास खात्यात वीस रुपये किंवा अधिक शिल्लक असेपर्यंत कंपनीला ती बंद करता येत नाही. कंपनीने वीस रुपये कापून तीस दिवस नंबर राखून ठेवायचा असतो, आणि शिलकीअभावी जोडणी बंद झालीच तरी पंधरा दिवसांत ती पुन्हा सुरू करून घेण्याची सवलत असते. ही सगळी तजवीज नंबर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ नये यासाठी आहे. पॅक संपल्यावर फोन करता येईल किंवा येणारा फोन वाजत राहील, अशी हमी या नियमात कोठेही नाही. ज्या नंबरवर बँकेचे आणि अनुदानाचे संदेश येतात त्याच्या बाबतीत हा भेद विशेष लक्षात ठेवावा लागतो, कारण नंबर आपला राहिला तरी संदेश पोचेलच असे नाही.

आईंना इंटरनेट लागत नसेल तर केवळ बोलणे आणि एसएमएस असलेला पॅक मागावा. वर उल्लेख झालेल्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने असे किमान एक व्हाउचर ठेवणे प्रत्येक कंपनीस सक्तीचे केले आणि विशेष दर व्हाउचरची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी आणलेले असे पॅक मात्र प्रामुख्याने ८४ दिवसांचे आणि वर्षभराच्या आसपासचे होते; ८४ दिवसांच्या पॅकलाही साडेचारशे रुपयांच्या आसपास एकरकमी मोजावे लागत होते. मजुरीवर जगणाऱ्या बाईला एवढी रक्कम एकदम काढणे सोपे नाही, तेव्हा तेवढा भार आपण उचलावा. पॅकच्या किमती ट्राय ठरवत नाही, त्या कंपन्यांच्या मर्जीवर आहेत; ट्राय फक्त चौकट घालून देते. जानेवारी २०२२ च्या आदेशाने तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असाही एक पर्याय प्रत्येक कंपनीने ठेवायचा आहे. अठ्ठावीस दिवसांच्या पॅकमध्ये वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज पडतात, तरीही दुकानदार सवयीने तोच सुचवतात.

आता भक्तिगीते. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असा ट्रायचा जुलै २०१३ चा निर्देश आहे. बटनफोनवर आपोआप उमटणाऱ्या चौकटीत "ओके" दाबले गेले, एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाही. दोन्ही संमतींची नोंद दाखवण्याची मागणी आपण करू शकता. आईंच्याच फोनवरून १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक लावून सेवा आधी बंद करवून घ्या, कारण पैसे परत मिळेपर्यंत कपात चालूच राहिली तर तक्रारीचा उपयोग राहत नाही. त्यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्राच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि एसएमएसने येणारा तक्रार क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. त्या क्रमांकाशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. समाधान झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि ते एकोणचाळीस दिवसांत निकाली काढायचे असते. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः हाताळत नाही, तेव्हा तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये. केंद्रीय दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष १०६३ वर आहे.

याआधीही असे पैसे कापले गेले असतील अशी शंका असल्यास, मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार वापराचा हिशेब प्रीपेड ग्राहकालाही मागता येतो. त्यासाठी कंपनी पन्नास रुपयांपेक्षा अधिक आकार घेऊ शकत नाही आणि तीस दिवसांत तो दिला पाहिजे. मागणी लेखी किंवा ईमेलने करावी. सिम आईंच्या नावावर असेल तर अर्जावर त्यांचीच सही किंवा अंगठा लागेल. तेवढे काम पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा करून ठेवा.