मदत हवी आहे: बोक्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं?

खिडकीतली: शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट आहे. बास्केट दिसली की बोका पलंगाखाली भिंतीला चिकटतो, हात घातला की ओरबाडतो. मागच्या खेपेला टेबलावर शू केली, रक्त काढताच आलं नाही. झोपेची गोळी देऊ का? लवकर सांगा.

दूधपोळी: वय? वजन? बास्केट वरून उघडते की फक्त पुढून? आणि रक्त कशासाठी?

अण्णा_ठाणेकर: डॉक्टरला घरी बोलवा, विषय संपला. नसबंदी झाली नसेल तर तीही उरकून घ्या, बोके शांत होतात.

रानमांजर: अण्णा, नसबंदीने भिंतींवर मुतणं आणि मारामाऱ्या कमी होतात, टेबलाची भीती नाही. आणि डॉक्टर घरी आले तरी पलंगाखालून बोका कोण काढणार?

माणसांची झोपेची गोळी अजिबात नको. डॉक्टरांकडून गाबापेंटिन, म्हणजे भीती कमी करून गुंगी आणणारं औषध, लिहून घ्या. मोठ्या मांजराला साधारण 100 मिग्रॅ, निघायच्या दोन तास आधी. कॅप्सूल उघडून पूड चमचाभर चाटायच्या ट्रीटमध्ये कालवायची. कडू असते, सगळ्या जेवणात मिसळली तर निम्मी वाडग्यातच राहते. मेडिकलवाले नॉरट्रिप्टिलिन (माणसांचं नैराश्यावरचं औषध) मिसळलेली गोळी हातात ठेवतात, ती नको, पाकिटावरचं नाव वाचा. एकदा आधी घरी देऊन बघा: सुस्ती येते, चालताना झोक जातो, तेव्हा कपाटावर चढू देऊ नका.

खिडकीतली: पुढून उघडणारी, प्लास्टिकची. साडेचार किलो. वय 12. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलंय, तेच परत बघायचंय.

दूधपोळी: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! गाबापेंटिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. ते मंदावलेलं असलं की औषध रक्तात साचतं आणि बोका दिवसभर लोळत पडतो. 100 देऊ नका. जुना रिपोर्ट पाठवून डॉक्टरांनाच डोस विचारा, बहुधा निम्मा किंवा त्याहून कमी सांगतील. त्याच्यासमोरचं पाणी मुळीच काढून घेऊ नका.

जाताय तर रक्तदाबही मोजून घ्या, या आजारात तो चढतो. पण सुई टोचण्याआधी, आणि पाच-दहा मिनिटं निवांत बसू दिल्यावर. घाबरलेल्या मांजराचा आकडा उगाच जास्त येतो. साखरेचंही तेच, एका रिपोर्टवर मधुमेहाचं औषध सुरू करायचं नसतं.

चहाबाज: औषधाची गरजच नाही. बास्केट कायम हॉलमध्ये उघडी ठेवा, आत जुना टॉवेल, जेवण आतच. आपोआप जातो.

रानमांजर: जातो, काही आठवड्यांनी. इथे शनिवार तोंडावर आलाय. त्यामुळे शुक्रवारी रात्रीच बेडरूम बंद करा आणि त्याला बाथरूममध्ये ठेवा, मातीचा ट्रे आणि पाणी देऊन. बास्केट त्याला न दाखवता आणायची, दार वर येईल अशी उभी करायची, टॉवेलमध्ये गुंडाळून मागचे पाय आधी आत. डोकं आधी घातलंत तर चारही पाय दाराला रोवतो. दवाखान्यात ओढून काढू नका. कडेच्या क्लिपा काढून वरचं झाकण उचला, खालच्या अर्ध्यात बसल्या बसल्याच बरीचशी तपासणी होते. मानेची कातडी धरून उचलायला लागले तर नको म्हणा.

अण्णा_ठाणेकर: रिक्षावाले मांजर बघून पुढे निघून जातात त्याचं काय?

दूधपोळी: बास्केटवर चादर टाका, कोण बघतंय. मांडीवर सपाट धरा, मूठ धरून लटकवली की आत तो घसरत राहतो. दवाखान्यात जमिनीवर ठेवू नका, कुत्रे नाक लावतात. खुर्चीवर ठेवा. नाहीतर फोन करून बाहेर रिक्षातच थांबा, नंबर आला की आत जा.

चहाबाज: फेरोमोनचा, म्हणजे मांजरांना शांत करणाऱ्या वासाचा, स्प्रे पण मिळतो.

रानमांजर: मिळतो. टॉवेलवर मारून पंधरा मिनिटं थांबायचं, मगच बोका आत. त्यातलं अल्कोहोल आधी उडायला हवं. एकट्या स्प्रेवर मात्र हा बोका बधणार नाही.

खिडकीतली: डॉक्टरांना फोन करते. पण सकाळी सातला बाथरूममध्ये मावशी कपडे धुतात, मग कुठे ठेवू?

दूधपोळी: संडासात. स्वयंपाकघर सोडून कुठेही, फ्रिजमागे गेला तर शनिवार विसरा.